कमी मोजलेल्या फेऱ्या

माणसाला चालवणं हे माझं काम होतं. जळगावच्या एका दवाखान्यात एकतीस वर्षं मी तेच केलं. पगारपत्रकावर मी 'मदतनीस, व्यायाम विभाग'. लकवा मारलेले, मांडीचं हाड मोडलेले, गुडघा बदललेले लोक चाकाच्या खुर्चीतून यायचे आणि मी त्यांना पायावर उभं करायचो. काय करायचं ते डॉक्टर सांगायचे, करून घ्यायचो मी. शाळा माझी सातवीपर्यंत, तीही धुळ्याजवळच्या खेड्यात. लिहिण्यात चुका असतील त्या संपादकांनी काढाव्यात, मजकूर काढू नये. ते स्वतः माझ्या हाताखाली सहा आठवडे चाललेत, म्हणून एवढं ऐकतील.

हे काम बाहेरून सोपं दिसतं. धरायचं अन् चालवायचं, त्यात काय! पण हात धरला की माणूस हातावर भार टाकतो आणि दोघं पडतात. म्हणून कमरेला पट्टा बांधून पट्टा धरायचा. ज्या बाजूचं अंग गेलंय त्या बाजूला उभं राहायचं, कारण माणूस पडतो तो तिकडेच. आणि नजर पायावर. मला काम शिकवणारे म्हातारे कंपाउंडर म्हणायचे, चेहऱ्याकडे बघू नको. चेहरा बघशील तर दया येईल, अन् दया आली की पेशंट बसला.

एक नियम होता: काल जेवढं झालं त्याच्यापेक्षा आज एक फेरी जास्त. आणि एक माझी स्वतःची खोड होती. मी कमी मोजायचो. दहा ठरलेल्या असल्या आणि पेशंटच्या नऊ फेऱ्या झाल्या की तोंडाने म्हणायचो, "सात." त्याला वाटायचं, अजून तीन बाकी. माणूस आकडा ऐकून थकतो, असं माझं मत होतं. आकडा लपवला की पाय आपोआप चालतात. या खोडीवर मी किती लोक उभे केले, सांगता येणार नाही.

फैजपूरचे एक केळीवाले भाऊ होते. सहा फूट माणूस, उजवं अंग पूर्ण गेलेलं. व्हरांड्यात चालायला तयारच नाहीत. म्हणाले, हा काय रस्ता आहे, मी बागेत चालणारा माणूस. मी म्हटलं, भाऊ, ही प्रत्येक फरशी म्हणजे केळीचं एक झाड, चला बघत बघत, कोणतं कापणीला आलं ते सांगा. दोन महिने त्यांनी फरशा बघत फेऱ्या मारल्या अन् काठी घेऊन घरी गेले. जाताना म्हणाले, "नाना, आयुष्यभर घड मोजले मी. तू रोज दोन फेऱ्या खात होता, मले कळत नाही काय?"

मी म्हटलं, मग बोलले का नाही?

"मले चालाचंच होतं ना, बावा."

असा माझा रुबाब होता. आता जे सांगायचं ते सांगतो.

माझी बायको सुमन बोदवडची. आमच्या दोघांच्या बोलीत फरक. मी 'आहे'ला 'शे' म्हटलं की ती हसायची, म्हणायची, धुळ्याचा माणूस बोलतो की भाकरी तव्यावर चरचरते तेच कळत नाही. हसणारी बाई होती. गल्लीत कोणाचं लग्न निघालं तर पोळ्या लाटायला पहिलं बोलावणं तिला यायचं.

एका पावसाळ्यात आमच्या गल्लीत चिकनगुनिया आला. घरटी एक माणूस वाकून चालत होता. बैलपोळ्यापर्यंत काही बरे झाले, दिवाळीपर्यंत बाकीचे. सुमनचे सांधे मोकळे झाले, ताप गेला, पण ताकद आली नाही. वेणी घालताना हात खाली पडायचे. दोन भाकरी थापल्या की ओटा धरून उभी. रात्रभर झोपून सकाळी उठायची ती झोपलीच नाही अशी. रक्त तपासलं, छातीची पट्टी काढली, थायरॉइड झालं, साखर झाली. सगळं नॉर्मल. एरवी रिपोर्ट नॉर्मल आला की लोक पेढे आणतात. आमच्या घरी त्या कागदाने बाईला खोटं पाडलं.

मी तिला आमच्या मोठ्या सरांना दाखवलं. सरांबद्दल मी वाईट बोलणार नाही, त्यांच्याइतका पेशंटसाठी वेळ देणारा डॉक्टर मी पाहिला नाही. त्यांनी समजावलं की शरीरात आजार उरलेला नाही. दुखण्यात माणूस घाबरतो, हालचाल टाळतो, त्याने अशक्त होतो, अशक्त झाला की आणखी घाबरतो. हे चाक तोडायचं तर दोन गोष्टी हव्यात. एक, मनाची समजूत घालणाऱ्या बाईंकडे जायचं. दोन, ठरवून व्यायाम वाढवत न्यायचा, थकवा आला तरी थांबायचं नाही. सर हे पदरचं सांगत नव्हते. मोठ्या मोठ्या देशांतल्या पुस्तकांत तेव्हा तेच लिहिलेलं होतं.

मला तर बरंच वाटलं. दुसरी गोष्ट माझ्याच हातातली होती.

मनाच्या बाई आठवड्यातून एकदा. माणूस गोड होत्या. त्या सांगायच्या, वाईट विचार वहीत लिहा आणि त्याच्यासमोर चांगला विचार लिहा. सुमनने लिहिलं, 'रिक्षात बसून थकली.' समोर काय लिहायचं ते तिला सुचेना. घरी येऊन मला म्हणाली, "मी करू शकते असं मी म्हनते. पाय नाही म्हनता." त्या बाईंजवळ ती दोनदा रडली आणि हलकी झाली, हे मी नाकारत नाही. पण रडून हलकं होणं वेगळं अन् आजार जाणं वेगळं.

चालवायला मी. आमच्या कॉलनीमागे शाळेचं मैदान आहे. सकाळी सहाला तिला घेऊन जायचो, मग ड्यूटीवर. पहिल्या आठवड्यात दोन फेऱ्या. मग तीन. मग रोजचा नियम, कालच्यापेक्षा जास्त. नजर पायावर. तिचे पाय चांगले पडत होते. लकव्याच्या पेशंटसारखे ओढत नव्हते, वाकडे नव्हते. मी मनात म्हणायचो, पाय तर ठणठणीत आहेत, बाई उगाच घाबरली.

त्यात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी गल्लीत पापडांचे दिवस आले. आमच्याकडे पापड एकटीने करत नाहीत. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, सगळ्याजणी पोळपाट-लाटणं घेऊन जातात. जी गेली नाही तिच्या घरी कोणी येत नाही. सुमन समोरच्या घरी दोन तास उडदाचे पापड लाटत बसली. तिचं हसणं माझ्या ओट्यापर्यंत ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी मैदानावरही आली. तिसऱ्या दिवशी उठेना. डोळ्यांवर पदर घेतला, उजेड नको म्हणाली, भांड्याचा आवाज नको म्हणाली.

मी म्हटलं, "पापडाला ताकद असते, चालायला नसते."

दोन दिवसांनी परत मैदानावर आली.

फेऱ्या वाढल्या. मी माझी खोड तिथेही चालवली. पाच झाल्या की चार म्हणायचो. बाराव्या फेरीच्या दिवशी सरांना जाऊन सांगितलं. सरांनी पाठीवर थाप मारली, नर्सला हाक मारून म्हणाले, बघा, नानांनी घरचा पेशंट पण उभा केला. सुमन बारा फेऱ्यांच्या दिवशी पडली नाही. त्याच्यानंतर दोन दिवसांनी न्हाणीघरात बसली ती उठलीच नाही, तिला उचलून आणावं लागलं. त्या दिवसापासून ओसरीच्या खाली तिने आपल्या पायाने पाऊल टाकलं नाही.

दोन वर्षं अशी गेली. त्या दोन वर्षांत मी तिची सेवा केली, हे गल्ली सांगेल. जेवण केलं, केस विंचरले, पाठ पुसली. पण मनात धरून होतो की हिने हाय खाल्ली. अधूनमधून तोंडाने पण म्हणायचो, मनावर घे, सुमन. माझ्या पेशंटांची उदाहरणं द्यायचो. फैजपूरच्या भाऊंचं तर दहा वेळा दिलं असेल.

मग आमच्या विभागात नवीन मॅडम आल्या. फिजिओथेरपीच्या, वय सत्तावीस-अठ्ठावीस, आवाज बारीक पण मागे हटणाऱ्या नाहीत. दवाखान्यात महिन्याला एक बैठक असायची, तिथे एकेक डॉक्टर काही वाचून दाखवायचा. मी पंखे, खुर्च्या बघायला दाराशी. मॅडमनी याच आजाराचा विषय घेतला, अंगातली ताकद जाते अन् वर्षानुवर्षं येत नाही तो. म्हणाल्या, व्यायाम वाढवून हे लोक बरे होतात असा जो अभ्यास तिकडे गाजला, त्याच्यावर मोठं भांडण झालं. पेशंट लोकांनीच आकडे मागितले, सुधारणा कशी मोजली ते विचारलं. शेवटी विलायतेत डॉक्टरांसाठीच्या नियमांतून ठरवून वाढवायचा व्यायाम काढून टाकला. आणि मनाचं बोलणं आधारापुरतं ठेवा, त्याला आजारावरचा इलाज म्हणू नका, असं लिहिलं.

सर उठले. त्यांचं म्हणणं असं की वाद अजून मिटलेला नाही, कितीतरी मोठे डॉक्टर आजही व्यायामाच्याच बाजूचे आहेत, आणि पेशंट झोपवून ठेवला तर स्नायू गळतात, हाडं ठिसूळ होतात, त्याचं काय. मॅडम म्हणाल्या, झोपवायचं नाही सर, पण पेशंटच्या मर्यादेत ठेवायचं.

"मर्यादा कोण ठरवणार?"

"पेशंट."

"मग आपण कशाला आहोत?" सर म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसलो.

पण मॅडमचं एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. त्या म्हणाल्या होत्या, या आजारात व्यायामाच्या वेळी माणूस चांगला दिसतो, त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो, म्हणून व्यायाम करून घेणाऱ्याला तो दिसतच नाही. मला आमच्या हजेरीच्या वह्या आठवल्या. असे थकव्याचे पेशंट वर्षाला पाच-सहा यायचे. कोणी चार दिवस, कोणी दहा दिवस. मग नावापुढे मी लिहायचो, 'येणे बंद'. तोंडाने म्हणायचो, आळशी. ज्यांना त्रास झाला ते घरी पडले, आणि आमच्यासमोर उरले ते सगळे चालणारे. आम्ही चालणाऱ्यांकडे बघून खूश.

मी मॅडमना म्हटलं, रविवारी घरी चहाला या.

त्या आल्या. सुमनच्या खाटेजवळ खाली जमिनीवरच बसल्या. हात धरला नाही, नाडी बघितली नाही. विचारलं, "काकू, चालून आल्यावर दुसऱ्या दिवशी कसं वाटायचं?"

मी चहाचे कप घेऊन दारात होतो. सुमनने डोळ्यांवरचा पदर बाजूला केला. मग हळूहळू बोलायला लागली. दुसऱ्या दिवशी अंगात कोणी वाळू भरल्यासारखं व्हायचं. तिसऱ्या दिवशी डोळ्यांनी छत बघवत नव्हतं. घशात गाठी यायच्या. मी ड्यूटीवर गेलो की ती दिवसभर पडून असायची, आणि मी यायच्या अर्धा तास आधी उठून तोंड धुऊन बसायची. पापडाच्या वेळी पण तेच झालं होतं. तिथे ती हसत होती, कारण आजारपणानंतर पहिल्यांदाच बायांमध्ये बसली होती. त्याचं भोगणं तिसऱ्या दिवशी आलं.

मी म्हटलं, मग मला सांगितलं का नाही?

तिने माझ्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे नुसतं बोट करून मॅडमशी बोलली. "यायच्या हातावर इतके लोकं उठता. मी एकटी नाही उठली तं लोकं यायलेच हसतीन." पुढे म्हणाली, "पाच फेऱ्या झाल्या की हे चार म्हने. मले मोजता येते. मी म्हटलं, यायले चारच पाह्यजे असतीन, तं एक अजून मारू."

कप माझ्या हातात तसेच होते.

फैजपूरच्या भाऊंना पण कळत होतं आणि सुमनला पण कळत होतं. भाऊंच्या अंगात ताकद होती, रस्ता बंद झाला होता. चालवून तो रस्ता उघडला. सुमनचा रस्ता उघडाच होता, ताकद नव्हती. मी जे नाही तेच उपसत राहिलो. एकतीस वर्षांच्या कामात मला हा फरक कळला नाही, कारण मी चेहरा बघायचा नाही असं शिकलो होतो आणि ते चांगलं शिकलो होतो.

मॅडमनी पुढचं समजावलं ते पाण्यावरून. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. आल्या दिवशी टाकी भरते, मग टाकीत डोकावून वापरायचं. पाहुणे आले म्हणून टाकी वाढत नाही. काकूंची टाकी लहान झालीय, का झाली ते अजून कोणाला नक्की माहीत नाही. ती रिकामी व्हायच्या आधी थांबायचं. थकल्यावर नाही, थकायच्या आधी.

आम्ही तसं केलं. ती बरी झाली, असं लिहिलं तर वाचायला छान वाटेल, पण ते खोटं होईल. बरी झाली नाही. पण उजेड सोसायला लागली. चार महिन्यांनी ओसरीत अर्धा तास बसून शेंगा फोडल्या. कधीतरी मला टोमणा मारला, "आज किती शेंगा मोजल्या? दोन खाल्ल्या असतीन." अशी चार वर्षं मिळाली. गेल्या थंडीत न्यूमोनिया झाला आणि तीन दिवसांत गेली. त्याचा याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मॅडमही तेच म्हणाल्या. मी दोघांचं ऐकून घेतलं.

आता मी रिटायर आहे, घरी एकटा. यंदा उन्हाळ्यात सरांचा फोन आला. पारोळ्याला एक बाई आहे, शाळेत शिकवणारी, तापानंतर वर्षभर खाटेवर. घरचे चांगले लोक आहेत, तुम्ही पंधरा दिवस जाऊन चालवा, नाना, तुमच्यासारखा दुसरा माणूस नाही. मी हो म्हटलं. का म्हटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. नंतर मी तिथे काय केलं ते कळल्यावर सर रागावले. म्हणाले, नाना, तुम्ही डॉक्टर नाही. ते खरं आहे. ते असंही म्हणाले की उद्या त्या बाईचे स्नायू गेले तर जबाबदारी कोणाची. मी फक्त झालं ते सांगतो.

पारोळ्याला गेलो. घरात सासूबाई, अक्का म्हणतात त्यांना, माझ्याच वयाच्या. मुलगा बाजार समितीत गेलेला. अक्कांचा आवाज असा की शेतातल्या माणसाला घरातून जेवायला बोलावतील. बोली माझ्या गावची. मला बसायच्या आधीच म्हणाल्या, "नाना, तिले काय बी व्हयेल नई शे. रिपोर्ट बठ्ठा चांगला शेतस. तुम्ही तिले उठाडा."

सून आतल्या खोलीत होती. बत्तीस-तेहतीस वय. मी आत गेलो तशी ती उठून बसली, पदर नीट केला, पाय खाली सोडले. म्हणाली, "चला नाना, कुठे चालायचंय?" पिशवीत माझा पट्टा होता.

मी पहिल्यांदा पेशंटच्या चेहऱ्याकडे बघितलं. ताजं पाणी मारलेलं होतं. केसांच्या कडा ओल्या होत्या. मी येणार म्हणून अर्धा तास आधी उठून तोंड धुतलेला चेहरा मी ओळखतो.

मी विचारलं, याआधी कधी चालून बघितलं असेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी कसं वाटलं? ती दाराकडे बघायला लागली. दारात अक्का उभ्या. मी पट्टा काढलाच नाही. अक्कांना म्हटलं, मी हिला चालवणार नाही.

अक्का चिडल्या. त्यांचं पण चुकत नव्हतं. वर्षभर दोन नातवंडं, स्वयंपाक, धुणं, सगळं त्यांच्यावर. त्या मोठ्याने म्हणाल्या, आमच्यावेळी बाळंतीण दहाव्या दिवशी शेतात निंदायला जायची. मग माझ्यावर आल्या. "तुमनी बायकोले तुम्ही आशी निजू दिधी व्हती का?"

सुमन गेली त्याला तेव्हा पाच महिने झाले होते. भेटायला आलेल्या माणसांपैकी कोणालाही मी हे पुढचं सांगितलं नव्हतं.

"नई, अक्का," मी म्हटलं. "मी तिले चालाडं. ती पडनी तोपर्यंत चालाडं."

मग मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं, मैदान, पापड, बारा फेऱ्या. कमी मोजत होतो ते पण. अक्का पदराने तोंड पुसत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मंग आम्ही काय करूत?"

एकतीस वर्षं हा प्रश्न मला लोकांनी विचारला आणि प्रत्येक वेळी माझ्याजवळ उत्तर तयार होतं. मी म्हटलं, "माले म्हाईत नई. तिले इचारा."

अक्का सुनेकडे वळल्या. तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. मग खाटेच्या कडेला बसून विचारलं, काय पाहिजे तुला. सून आधी काही नको म्हणाली. मग अगदी हळू म्हणाली, "आई, खिडकी लावा. मला आडवं होऊ द्या."

अक्कांनी खिडकी लावली. तिचे पाय उचलून खाटेवर ठेवले. आम्ही दोघं बाहेर आलो, अक्कांनी दार लोटलं आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. तेवढ्यात अंगणात मोटरसायकल थांबली. मुलगा आईच्याच आवाजाचा. उंबऱ्यातूनच ओरडून विचारलं, काय म्हणे नाना, किती दिवसांत चालेल?

अक्कांनी हात वर केला.

"हळू बोल, भाऊ. आडवी पडेल शे ती."